नव्या स्वयंपाकघरात अपरिहार्य काय?

नवे स्वयंपाकघर करायचे ठरले की चर्चा सहसा दारांच्या रंगापासून सुरू होते. मॉड्युलर किचनच्या दुकानात लॅमिनेटच्या नमुन्यांचा जुडगा पुढे येतो. मग ॲक्रिलिक घ्यायचे की पीयू, हँडल ठेवायचे की नाही, कोपऱ्यात फिरती ट्रॉली बसवायची का, हे ठरत जाते. दर रनिंग फुटावर सांगितला जातो, त्यामुळे हिशेबही दिसणाऱ्या भागाचाच होतो. तोवर नळ कुठे यायचा, सांडपाणी कोणत्या बाजूने निघायचे, ओटा किती उंच बांधायचा आणि धूर कुठून बाहेर पडायचा, हे प्रश्न बिल्डरने किंवा प्लंबरने परस्पर सोडवून टाकलेले असतात. पुढली वीस वर्षे त्या ओट्यापुढे जे कुणी उभे राहणार, त्यांना यातले काही विचारलेले नसते. मला ही गोष्ट अन्यायाची वाटते, आणि ती टाळता येण्यासारखी आहे.

हा क्रम उलटा कसा करावा, ते इथे मांडायचे आहे. विवेचनासाठी मुंबई-पुण्याच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधले सत्तर-ऐंशी चौरस फुटांचे स्वयंपाकघर समोर धरले आहे. प्रशस्त बंगल्यात जागा बऱ्याच चुका पोटात घालते. निवडीची खरी परीक्षा छोट्या खोलीत होते.

कसोटी

'हवेच हवे' अशा वस्तूंची यादी प्रत्येक घराची वेगळी. कुणाला चार बर्नर लागतात, कुणाला ओव्हन, कुणाला देव्हाऱ्यासाठी कोनाडा. म्हणून यादीपेक्षा कसोटी ठरवणे उपयोगाचे. ही कसोटी दोन प्रश्नांची आहे. ही गोष्ट दिवसातून किती वेळा हाताखालून जाणार? आणि ती आज राहून गेली, तर पुढे करण्यासाठी काय फोडावे लागेल? पहिला प्रश्न वापराचा, दुसरा दुरुस्तीच्या किमतीचा.

दोन्ही उत्तरे मोठी आली, तर ती गोष्ट अपरिहार्य. ओट्याची उंची, सांडपाण्याचा निचरा, धुराची वाट, विजेची जोडणी या गटात येतात. वापराची खात्री नाही पण मागाहून फोडाफोड मोठी, अशी गोष्ट आज विकत घेऊ नये, तिची सोय मात्र आजच करून ठेवावी. डिशवॉशर हे याचे चोख उदाहरण : यंत्र पाच वर्षांनी घेतले तरी चालेल, पण त्याच्या पाण्याचा नळ, निचऱ्याचे तोंड आणि विजेचा पॉइंट फरशी बसण्याआधी झाला पाहिजे. वापर रोजचा पण बदल सोपा, अशा गोष्टी राहायला गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी ठरवाव्यात. मिसळणाचा डबा कोणत्या खणात हाताशी येतो, चमचे-झारे उभे बरे की आडवे, हे कागदावर कळत नाही, काम करताना कळते. आणि दोन्ही उत्तरे छोटी, अशा वस्तू पैसे उरले तर. दारांचा रंग आणि कपाटाखालची दिव्यांची पट्टी या शेवटच्या गटातल्या, आणि नेमकी यांच्यापासूनच बहुतेक कोटेशने सुरू होतात.

जागेचे गणित

सगळ्या हौशी जिच्यापुढे थांबतात, ती म्हणजे खोलीची रुंदी. नॅशनल बिल्डिंग कोडच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि रुंदीला किमान १.८ मीटर असावे. तिथेच जेवायला बसायचे असेल तर किमान ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर रुंद.

१.८ मीटर रुंदीतून ६० सेंटीमीटरचा ओटा वजा केला की १.२ मीटर उरते. समोरच्या भिंतीला तेवढाच दुसरा ओटा घातला तर मध्ये ६० सेंटीमीटर राहतात. खालचा खण अर्धा मीटर बाहेर ओढला की तो ओढणाऱ्याने उभे कुठे राहायचे? म्हणजे समोरासमोर दोन ओट्यांची रचना इथे आवडीनिवडीच्या आधीच बाद होते. एका भिंतीचा सरळ ओटा किंवा काटकोनातला ओटा, एवढाच पर्याय. रुंदी २.१ मीटर असेल तर एका बाजूला ६० आणि समोर ४५ सेंटीमीटर खोलीची फळी-कपाटे घालून मध्ये एक मीटर आणि वर थोडे उरते. दोन माणसे पाठीला पाठ न लागता वावरू शकतात. मासिकांत दिसणारा मधोमध बेटासारखा ओटा या मापाच्या खोलीत मावतच नाही.

आता सरळ दहा फुटी, म्हणजे साधारण ३०० सेंटीमीटरचा ओटा घ्या. सिंकला ६०, शेगडीला ६५. घासलेली भांडी निथळायला सिंकच्या पलीकडे ३५. कढई उतरवून ठेवायला शेगडीच्या पलीकडे ४५. बाकी राहिले ९५ सेंटीमीटर. भाजी चिरणे, कणीक मळणे, पोळ्या लाटणे, नारळ खवणे, डबे भरणे हे सगळे या तीन फुटांत व्हायचे. त्याच ओट्यावर मिक्सर, मायक्रोवेव्ह, पाण्याचा फिल्टर आणि टोस्टर कायमचे ठेवले की लाटायला पोळपाटाएवढीही जागा राहत नाही. ओट्यावर मुक्काम करणारे प्रत्येक यंत्र या ९५ सेंटीमीटरांतून वजा होते, हे लक्षात घेतले की मिक्सर-मायक्रोवेव्हसाठी समोरच्या भिंतीवर स्वतंत्र फळी ही चैन राहत नाही, अपरिहार्य यादीत जाते.

त्रिकोण आणि आपला स्वयंपाक

स्वयंपाकघराकडे कामाची जागा म्हणून शास्त्रीय नजरेने पाहायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. अमेरिकेत ख्रिस्तीन फ्रेडरिक यांनी १९१२ साली कारखान्यातल्या कार्यक्षमतेची तत्त्वे घरकामाला लावणारी लेखमाला लिहिली. जर्मनीत १९२६ साली मार्गारेटे शूटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने फ्रँकफुर्टच्या नव्या सार्वजनिक वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. त्याचे माप सुमारे १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे जवळजवळ सत्तर चौरस फूट : आपल्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराएवढेच. सुमारे दहा हजार घरांत ते बसवले गेले. बसून काम करायला फिरते स्टूल, खिडकीपाशी कामाचा ओटा, ओट्यातच केरकचरा लोटायची सोय, डाळ-तांदळासाठी नावे घातलेले ॲल्युमिनियमचे ओढखण, आणि पिठाचे खण मात्र किडीला अटकाव व्हावा म्हणून ओक लाकडाचे. आज मॉड्युलर म्हणून विकल्या जाणाऱ्या रचनेतले बरेचसे तिथे होते, आणि प्रत्येक गोष्टीमागे कारण होते.

त्यानंतर १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात 'कामाचा त्रिकोण' मांडला गेला. शेगडी, सिंक आणि फ्रिज हे तीन बिंदू; तिन्ही बाजूंची बेरीज साधारण १२ ते २६ फूट असावी. आपल्याकडचे डिझाइनर अजूनही हाच त्रिकोण काढून दाखवतात.

त्रिकोण चुकीचा नाही, पण तो एकटीने करायच्या आणि फ्रिजमधून सुरू होणाऱ्या स्वयंपाकाचा आहे. आपल्याकडे सकाळी आठ वाजता काय चालते ते पाहा. एक जण पोळ्या लाटून भाजतो आहे, दुसरा चहा गाळतो आहे, तिसरा तीन डबे भरतो आहे आणि सिंकमध्ये रात्रीचा कुकर भिजत पडला आहे. फ्रिजकडे फेरी होते ती भाजी आणि दुधापुरती. हात वारंवार जातात ते पीठ, डाळ, तांदूळ, तेल आणि मिसळणाच्या डब्याकडे. म्हणून मी त्रिकोणापेक्षा क्रमाला महत्त्व देईन : साठवण, धुणे, चिरणे, मळणे-लाटणे, शिजवणे, वाढणे, खरकटे. हा क्रम ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जेवढा सरळ वाहील, तेवढी माणसे एकमेकांना कमी आडवी येतील. लाटायची जागा शेगडीला खेटून हवी, कारण पोळी हातावर घेऊन पाऊलभर चालावे लागले तरी ती ताणते, दुमडते. फ्रिज दाराजवळ गेला तर बिघडत नाही; उलट पाणी आणि ताक घ्यायला येणारे ओट्यापर्यंत न शिरता परत जातात.

ओट्याची उंची

अपरिहार्य गोष्टींत मी सर्वांत वर ठेवीन ती ओट्याची उंची, कारण तिची चूक रोज अंगावर निघते आणि ती बदलायची तर दगड, प्लंबिंग, खालची कपाटे सगळे उचकटावे लागते. तरीही ती ठरते कारखान्याच्या मापावर. तयार खालच्या कपाटाचा सांगाडा बहुधा ७२ सेंटीमीटरचा, त्याखाली १० सेंटीमीटरचे पाय, वर दोन-चार सेंटीमीटरचा दगड : झाले ८५-८६. पाश्चात्त्य प्रमाण तर ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटीमीटर.

शरीराचा हिशेब वेगळा आहे. उभे राहून करायच्या हलक्या कामासाठी पृष्ठभाग कोपरापेक्षा १० ते १५ सेंटीमीटर खाली असावा, हा श्रमशास्त्राचा जुना नियम. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास. तिचे कोपर जमिनीपासून साधारण ९५-९६ सेंटीमीटरवर येते. म्हणजे चिरण्यासाठी ओटा ८१ ते ८६. पण कणीक मळणे आणि भाकरीचे पीठ रगडणे ही जोर लावायची कामे, त्यांना पृष्ठभाग आणखी खाली लागतो.

भाकरी करताना पाहिले की हे स्पष्ट होते. परातीत पीठ घेऊन ते तळहाताच्या टाचेने पुढे रेटायचे असते. जोर येतो तो खांद्यातून आणि धडाच्या वजनातून, हात जवळजवळ सरळ ठेवून. ओटा उंच असला की कोपरे बाहेर फेकली जातात, मनगट मागे वळते आणि सगळा भार एकट्या मनगटावर पडतो. परातीची कडही दोन-तीन इंच उंची वाढवते. म्हणून उंच ओट्याच्या घरात पायाखाली पाट घेऊन उभी राहणारी किंवा परात घेऊन सरळ जमिनीवर बसणारी बाई दिसते. लोक याला सवय म्हणतात. ती सवय नाही. त्या ओट्याने तिला जागा दिलेली नाही.

शेगडीपाशी अडचण आणखी वाढते. ८६ सेंटीमीटरच्या ओट्यावर १२ सेंटीमीटर उंच शेगडी, तिच्यावर १५ सेंटीमीटर खोल पातेले : काठ आला ११३ सेंटीमीटरवर, म्हणजे कोपराच्या चांगला १७-१८ सेंटीमीटर वर. खीर किंवा पुरण घोटायला अर्धा तास हात उचलून धरावा लागतो, आतले दिसायला टाचा उंचवाव्या लागतात, वाफ थेट चेहऱ्यावर येते. यावर दोन उपाय. ओट्यात बसणारी शेगडी घेतली तर पाच-सात सेंटीमीटर वाचतात. किंवा शेगडीखालचा ओट्याचा भाग तेवढाच खाली उतरवायचा. उतरवलेल्या भागात पायरी तयार होते, तिच्या कोपऱ्यात पीठ आणि पाणी साचते, शिवाय जड पातेले सरकवता येत नाही. म्हणून सरळ ओट्याच्या छोट्या स्वयंपाकघरात मी पहिला उपाय निवडीन. काटकोनातला ओटा असेल तर एक हात पूर्णच खाली घ्यावा, लाटणे आणि शेगडी तिथे, सिंक दुसऱ्या हातावर. सिंकमध्ये हात तळाशी, म्हणजे ओट्याच्या वीतभर खाली काम करतात; त्यामुळे ती बाजू थोडी उंच असणे कमरेला बरेच.

माप कुणाचे घ्यायचे, हा प्रश्न उरतो. जो सर्वांत जास्त वेळ उभा राहतो त्याचे, हे उघड उत्तर. ते उत्तर स्वयंपाकाच्या मावशी असतील तर मावशींचे. घरात सहा फुटी मुलगा आठवड्यातून एकदा अंडाबुर्जी करत असेल, तर त्याने थोडे वाकावे. सरासरीच्या भानगडीत पडू नये : दोन टोकांच्या मधले माप दोघांनाही दुखते.

एक अडचण इथेच सांगायला हवी. ओट्याखाली बसणाऱ्या ६० सेंटीमीटर रुंद डिशवॉशरला साधारण ८१.५ ते ८२ सेंटीमीटरची मोकळी उंची लागते. ओटा ८२ वर घेतला की दगडाची जाडी जाऊन खाली ८० सुद्धा उरत नाहीत. तेव्हा बुटक्या बाईचा ओटा की यंत्राची जागा, अशी निवड पुढे येते. माझ्या मते ओटा जिंकावा. यंत्राची सोय ड्राय बाल्कनीत करावी. तिथे पाणी आणि निचरा दोन्ही बहुधा असतातच.

पाणी, गॅस, धूर, वीज

भिंतीत आणि फरशीखाली जाणाऱ्या या चार गोष्टी एकत्र ठरतात, कारण एकीची जागा हलली की बाकीच्या हलतात.

सांडपाण्याचा पाइप फारसा सरकवता येत नाही. त्याला उतार लागतो, आणि उतार लांबला की पाइप फरशीच्या वर येतो. सिंक 'तिथून इथे' न्यायची इच्छा म्हणूनच सगळ्यांत आधी तपासावी. बांधकाम चालू असतानाच बिल्डरशी बोलता आले तर उत्तम. ताबा मिळाल्यावर कोरा ओटा फोडणारी घरे पाहिली की वाईट वाटते, तोच खर्च आधी बोलण्याने वाचला असता. सिंक एकच मोठा घ्यावा. दोन भागांचा सिंक पाश्चात्त्य बशा-कपांना ठीक. आपली ४० सेंटीमीटरची परात, मोठी कढई आणि कुकर त्यातल्या एका भागात तिरपेच राहतात आणि पाणी अंगावर उडते. ओट्याच्या पुढच्या कडेला पाणी अडवणारी दगडाची पट्टी आणि सिंककडे हलका उतार, हे स्वस्त आणि न चुकवण्यासारखे.

पाण्याच्या शुद्धीकरणाबद्दल एवढेच : आरओ यंत्र एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर सोडून देते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा भारतीय मानकाला मान्य आहे. सह्याद्रीतल्या धरणांचे पाणी येते तिथे क्षार बहुधा याच्या कितीतरी खाली असतात. पाणी तपासूनच यंत्र ठरवावे. बोअरवेलचे पाणी असेल तर गोष्ट निराळी.

गॅस कोणता, यावर कपाटांची रचना अवलंबून असते. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड; गळला तर खाली साठतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवी, आणि शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर. पाइपने येणारा नैसर्गिक वायू बहुतांशी मिथेन, तो हवेपेक्षा हलका. गळला तर छताकडे जातो, म्हणून त्याला वरची झरोक्याची वाट लागते. पाइपचा गॅस येणार या भरवशावर सिलिंडरची जागाच ठेवली नाही आणि जोडणी लांबली, तर १४.२ किलो गॅसचा तो लोखंडी सिलिंडर ओट्यापुढे पायात येत राहतो. तिथे एक तात्पुरते कपाट राखावे, पुढे त्यात गव्हाची कोठी जाते. आणखी एक बारकावा : शेगडीखाली रुंद ओढखण करण्याची पद्धत आहे, पण त्यांच्यामागे रबरी नळी आणि तिची चावी दडते. नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते, चावी रोज रात्री बंद करायची. हात सहज पोचेल अशी जागा सोडलेली नसेल तर रोज बंद करणे हळूहळू थांबते.

धुराबद्दल आपण फार बेफिकीर आहोत. फोडणी, तळण, लाल मिरच्यांचा ठसका हे रोजचे; तेलाचा वाफारा कपाटांवर, पडद्यांवर आणि फुप्फुसांत बसतो. चिमणी घ्यायची तर ती बाहेर धूर सोडणारीच. नळीशिवायची चिमणी कोळशाच्या गाळणीतून हवा फिरवून परत खोलीत सोडते; तेल आणि वास काही प्रमाणात अडतो, उष्णता आणि वाफ तिथेच राहते. नळी शक्यतो १५० मिलिमीटर व्यासाची, आखूड आणि कमीत कमी वळणांची हवी. प्रत्येक वळण ओढ कमी करते, मग दुकानात सांगितलेला चिमणीचा आकडा कितीही मोठा असो. त्यासाठी बाहेरच्या भिंतीला भोक लागते, त्याची जागा टाइल्स लागण्यापूर्वी आणि सोसायटीच्या परवानगीने ठरली पाहिजे. खिडकी मात्र चिमणीसाठी बंद करू नये. ती उजेडासाठी आणि ताज्या हवेसाठी लागते. चिमणी हवा बाहेर ओढते तेव्हा तेवढीच हवा आत यायला वाट हवी. आणि शेगडी ऐन खिडकीखाली नको, वाऱ्याने आच फरफरते.

विजेचे गणित सोपे आहे, तरी कुणी मांडत नाही. २३० व्होल्टवर १६ अँपिअरचा एक सर्किट सुमारे ३६०० वॅट पेलतो. इंडक्शन शेगडी २०००, मायक्रोवेव्ह १४००, दोन्ही एका सर्किटवर कशीबशी चालतात. त्यात १५०० वॅटची किटली लागली की एमसीबी पडलाच. म्हणून स्वयंपाकघराला १६ अँपिअरचे निदान दोन वेगळे सर्किट, आणि तिसरा डिशवॉशर-गीझरच्या बाजूला. मिक्सरसाठी ओट्यापासून वीतभर वर, सिंकच्या शिंतोड्यांपासून दूर पॉइंट. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण घराच्या बोर्डावर असलेच पाहिजे. ओल्या हातांनी वापरायच्या खोलीत यावर काटकसर करणे गैर आहे. एक्स्टेन्शन बोर्ड दिसला की समजावे, आराखड्यात पॉइंट कमी पडले.

साठवण आणि सामान

साठवणीचा आराखडा घरातल्या वस्तू मोजून करायचा असतो. जुन्या घरातले सगळे एकदा जमिनीवर मांडावे आणि रोजचे, आठवड्याचे, सणाचे असे तीन ढीग करावेत. रोजचे गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात. आठवड्याचे त्याच्या खाली-वर. मोदकपात्र, सोऱ्या, पुरणयंत्र, पितळी पातेली आणि पंचवीस पानांची ताटे सणाची; ती माळ्यावर किंवा ज्या कोपऱ्यात हात पोचत नाही तिथे. कोपऱ्यात फिरत्या यांत्रिक ट्रॉल्यांवर मोठा खर्च केला जातो, त्याची मला गरज दिसत नाही. तो कोपरा सोऱ्याला द्यावा, दिवाळीला काढता येईल.

खालच्या भागात दाराची कपाटे नकोत, ओढखण हवेत. साठ सेंटीमीटर खोल कपाटात मागची बरणी काढायला गुडघ्यावर बसून पुढच्या सहा हलवाव्या लागतात. खण ओढला की सगळे वरून दिसते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हा फरक फार मोठा आहे. पैसा इथल्या चॅनेलवर घालावा, कारण भांड्यांचे वजन रोज तेच उचलतात. वर्षाचे गहू-तांदूळ भरणाऱ्या घरांनी मात्र कोठी खणात घालू नये. चॅनेल साधारण ३० ते ५० किलोचे असतात, आणि भरलेली कोठी एकटीच तेवढी भरते. ओट्याखाली एक गाळा तळाशिवाय मोकळा सोडला की कोठी सरळ फरशीवर बसते, मागे ओल आली तरी दिसते.

लाकडाबद्दल थोडक्यात. सिंकखाली आणि ओट्याच्या खालच्या भागात आयएस ७१० प्रतीचे प्लायवूड, वरच्या कपाटांना त्याहून हलके चालते. कोकणात आणि गोव्यात खालच्या भागाला पार्टिकल बोर्ड नकोच, दमट हवेत त्याच्या कडा फुगतात. भांड्यांच्या जाळ्या ३०४ प्रतीच्या स्टीलच्या घ्याव्यात. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ प्रतीत निकेल कमी, समुद्राकाठी ती लवकर गंजते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, पण चुंबक दोन्हींना सारखेच चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेने काही ठरत नाही. रसायनाचा थेंब टाकून रंग पाहायची चाचणी असते, ती मागावी.

ओट्याला ग्रॅनाइट सोडून दुसरे काही घ्यायचे सबळ कारण मला सापडलेले नाही. संगमरवर चुन्याचा, लिंबू, चिंच, कोकम सांडले की आम्लाने त्याची चकाकी जाते. क्वार्ट्झच्या लाद्या राळेने बांधलेल्या असतात, जाळावरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर डाग कायमचा. पांढऱ्या पृष्ठभागावर हळद काय करते, ते वेगळे सांगायला नको. गडद ग्रॅनाइटवर तापलेला तवा ठेवता येतो, त्यावर नारळ फोडता येतो.

उरलेल्या गोष्टी झटपट निकालात निघतात. भिंतीत बसवायचा ओव्हन : महिन्यातून दोनदा केक करणाऱ्याला ओट्यावर ठेवायचा ओव्हन पुरतो, आणि तो बिघडला तर उचलून नेता येतो. चकचकीत ॲक्रिलिकची दारे : तेलकट बोटांचे ठसे दिवसभर पुसत बसायची तयारी असेल तर. छतापर्यंत कपाटे : हो, पण सगळ्यांत वरचा कप्पा सणाचा.

हे सगळे कधी ठरवायचे, त्याला एकच योग्य वेळ आहे : विटकाम झाले, वायरिंग आणि प्लंबिंग सुरू व्हायचे आहे, तेव्हा. त्या दिवशी कोऱ्या भिंतीवर खडूने ओटा, शेगडी, सिंक आणि पॉइंट खऱ्या मापात काढावेत. दोन स्टुलांवर फळी ठेवून ठरलेल्या उंचीचा ओटा उभा करावा, त्यावर घरची परात ठेवावी आणि जी व्यक्ती रोज कणीक मळते तिला हात लावून पाहायला सांगावे. फळीखाली दोन पुस्तके सरकवणे किंवा काढणे त्या दिवशी फुकट आहे. मग पाइप आणि वायरी भिंतीत गेल्या की प्लास्टर होण्याआधी टेप लावून प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवावा, कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती हे त्यात वाचता येईल असा. वर्षभराने एखादी फळी ठोकायची वेळ आली की ड्रिल कुठे चालवायचे नाही, ते त्यावरून कळते.